येळवंडे जागा बघतात

बबनराव येळवंडे मला कधी 'बरोबर आहे' असं म्हणाल्याचं आठवत नाही. फारच खूश असले तर "दिसतंय तर बरं" म्हणायचे आणि लगेच डोळे बारीक करून विचारायचे, "पण कशापायी दिसतंय?" या प्रश्नाला उत्तर नसतं. त्यामुळे त्यांच्यासमोर कुठलीही चांगली गोष्ट न्यायला माणसं घाबरायची. गेल्या पावसाळ्यात ते गेले, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून मला चांगल्या दिसणाऱ्या गोष्टींची थोडी भीतीच वाटते.

आमची कंपनी चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवते. मी खरेदी खात्यात होतो आणि येळवंडे आलेल्या मालाच्या तपासणीवर. म्हणजे मी आणायचं आणि त्यांनी परत पाठवायचं. चोवीस वर्षं आमचा हा संसार चालला. एकदा मी भोसरीचा एक नवा पुरवठादार शोधून काढला. रबरी वायसर बनवायचा. माल वेळेवर, पॅकिंग झकास, आणि सोबत टेस्ट रिपोर्टची फाइल, तीही प्लास्टिकच्या कव्हरात. येळवंड्यांनी ती फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि मान हलवली.

"कागद लई चांगला हाय, साहेब."

"मग पास करा की."

"म्हणूनच म्हणतो. ज्याला माल चांगला करायचाय, त्याला कागद एवढा नटवायला सवड कुठनं घावली?"

मग त्यांनी खोकं उलटं केलं आणि बुडाकडून फाडलं. वरचे थर नवे होते. तळाशी मात्र त्याच पुरवठादाराचे, आदल्या महिन्यात आम्हीच परत केलेले वायसर निघाले. मी संतापलो, पण पुरवठादारावर नाही, येळवंड्यांवर. माझा माणूस त्यांनी उघडा पाडला होता. ते मात्र शांतपणे म्हणाले, "आमचा बा चाकणच्या बाजारात कांदा विकायचा. पिशवीच्या तोंडाला मोठा कांदा, बुडाला चिंगळी. आमीच भरायचो पिशव्या. म्हणून ठावं."

त्यांचा संशय असा घरगुती होता. त्यात कुणाबद्दल आकस नव्हता, सूट तेवढी कुणालाच नव्हती. मोपेडला दोन कुलपं लावायचे, दहा पावलं चालून जायचे आणि परत येऊन दोन्ही ओढून बघायचे. कॅन्टीनचा चहा घेण्याआधी दुधाच्या पातेल्यात डोकावायचे. एकदा त्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा त्यांच्या बायकोने भाकरी वाढता वाढता सांगितलं, "सदतीस वरसं माझ्या भाकरीचा वास घेत्यात. अजून पास केली न्हाई." येळवंडे भाकरी नाकाशी धरूनच हसले.

आता जागेचं सांगतो. सहा वर्षांपूर्वी मला एक खूळ लागलं. कंपनीची एक जुनी स्टाफ बस लिलावात निघाली, ती मी घेतली. भोसरीच्या एका फॅब्रिकेटरकडून आत चार जणांच्या झोपायची सोय, छोटा ओटा, भिंतीतली कपाटं असं सगळं करून घेतलं आणि बाहेरून तिला आकाशी रंग दिला. प्राधिकरणाच्या वसाहतीतल्या आमच्या गल्लीत पोरं तिला आइस्क्रीमची गाडी समजून मागे धावत. कंपनीतली आणखी पाच कुटुंबं तंबू घेऊन तयार झाली. दर हिवाळ्यात एकदा गावाकडे कुठंतरी उघड्यावर राहायचं ठरलं. आता जागा कोण बघणार? मी फोनवर फोटो दाखवायला लागलो, तेवढ्यात कुणीतरी गमतीने म्हणालं, "येळवंडे काकांना विचारा." त्यांनी ते गमतीत घेतलं नाही.

पहिली जागा धरणाच्या पाण्याकाठची होती. मावळात अशा जागा आता पैशाला पासरी आहेत. फोटोत रांगेने तंबू, दिव्यांच्या माळा, पाण्यात पडलेलं चंद्राचं बिंब. मी म्हटलं, "लोकांनी किती चांगलं लिहिलंय बघा." येळवंड्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन नाकाला लावला.

"सगळ्यांनी येकाच दिवशी लिवलंय, साहेब. लगनातल्या आहेराच्या यादीवानी."

आम्ही दोघं जागा बघायला गेलो. मालक तरुण होता, गळ्यात साखळी, बोलायला गोड. येळवंडे त्याच्याशी बोललेच नाहीत. ते एका बाभळीपाशी जाऊन उभे राहिले. तिच्या फांदीला कमरेच्या वर एक प्लास्टिकची चिंधी अडकली होती. ती त्यांनी बोटाने दाखवली, म्हणजे पाणी इथवर येतं. मग बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतून ते कुठं वाहतंय ते पाहिलं. दिव्यांच्या माळेच्या बटणाला टेस्टर लावला. आणि शेवटी त्या मालकाला म्हणाले, "सातबारा दावा."

"कशाचा सातबारा?"

"ह्या जागेचा."

"काका, एक रात्र राहायचंय तुम्हाला. जमीन घ्यायचीय का?"

"एक रातच तर राह्यचंय. म्हणून तर इचारतोय. जमीन आसंल सरकारची, आन् रातच्याला उठीवलं तर ल्हान पोरं घिऊन जायचं कुठं?"

मालक चिडला. "गिऱ्हाईक नको पण हे आवर" असं काहीतरी पुटपुटला. मी शरमेने गाडीत जाऊन बसलो. परत येताना मी विचारलं, "अहो बबनराव, इतका संशय घेऊन माणूस जगतो कसा?" तेव्हा त्यांनी मला त्यांच्या डोक्यातलं गणित सांगितलं.

"हे बघा साहेब, माणूस जागा हाय तवर सोताचं सोता बघतो. झोपला की त्याचं कोण बघनार? जागाच बघनार. म्हणून माणूस झोपला की जागेनं जागं राह्यलं पायजे. जी जागा झोपती, तिथं माणसानं झोपू नये."

ती पाण्याकाठची जागा रद्द झाली. पुढं तिथं काही झालं का? काहीही नाही. आजही तिथं तंबू लागतात, माळा पेटतात, लोक खुशाल राहून येतात. माझी बायको हे दरवर्षी न चुकता मला सांगते.

दुसऱ्या वर्षी मात्र आम्ही त्यांचं ऐकलं नाही आणि फसलो. टेकडीवरची मोकळी जागा, सपाट, संडास स्वच्छ, गाडी वळवायला ऐसपैस. येळवंडे तिथं पाठीवर आडवे झाले, डोळे मिटले आणि तसेच पडून राहिले. मालकाला वाटलं काकांना चक्कर आली. उठून म्हणाले, "वारा आत्ता तिकडनं हाय. दिवस कलला की फिरंल. टेकडीच्या पल्याड काय हाय?" मालक म्हणाला, काही नाही, रान आहे. आम्हीही म्हटलं, आता पुरे. मुक्कामाच्या दिवशी सूर्य कलला, वारा फिरला आणि पलीकडल्या पोल्ट्रीचा असा वास आला, की भाताचा घास तोंडापर्यंत जाईना. येळवंडे तेव्हा सोबत होते. "मी बोललो व्हतो" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. नाकाला रुमाल लावून सगळ्यांना जेवण वाढत होते.

त्यानंतर आमच्या सहा कुटुंबांत दोन तट पडले. अर्धे म्हणायचे, काका सांगतील तिथंच जायचं. अर्धे म्हणायचे, या माणसाला कुणाचं बरं बघवत नाही. त्यात माझी बायको पुढे. मी मधल्यामध्ये.

येळवंड्यांना एकच मुलगा, संतोष. तो आमच्याच शेजारच्या एका कंपनीत कंत्राटावर होता, आणि करार संपला तसा घरी बसला. बऱ्याच ठिकाणी हिंडला, कुठंच लागला नाही. घरची थोडी जमीन गावाबाहेर ओढ्याच्या कडेला उरली होती, खडकाळ, पण झाडी छान. संतोषने ठरवलं, तिथं तंबू आणि गाड्यांसाठी जागा करायची. बापाने साफ नाही म्हटलं. "माणसं झोपाय आणायची म्हंजी खेळ न्हाई." शब्दाने शब्द वाढला. येळवंडे तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. मुलाने जमीन सपाट करायला घेतली तसं यांनी तिकडे जायचंच सोडलं. वर्षभर त्या रानात पाऊल टाकलं नाही. बापलेक एका घरात राहून आईमार्फत बोलत.

गेल्या वर्षी जानेवारीत संतोषचा मला फोन आला. "साहेब, माझी जागा तयार हाय. पहिलं गिऱ्हाईक तुमी व्हा. तुमी सहा घरं राहून गेला आन् चार वळी चांगल्या लिवल्या, तर माझं चालंल. न्हाईतर आता माझ्यापाशी दुसरं काही न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाला, "फकस्त बाबास्नी सांगू नका. ते बघायच्या आधी नापास करत्याल."

खरं सांगतो, ते ऐकून माझ्या मनात पाल चुकचुकली ती संतोषबद्दल नाही, येळवंड्यांबद्दल. मला वाटलं, हा माणूस स्वतःच्या पोराचंही बरं बघू शकत नाही. इतकी वर्षं आपण याच्या संशयाला शहाणपण समजत आलो, आणि हा नुसता हेकट निघाला. मी संतोषला हो म्हटलं. दोन दिवसांनी येळवंड्यांचा फोन आला, "यंदा कुठं जायाचं बघितलंय?" मी म्हटलं, "यंदा काही नाही बबनराव, गाडी गॅरेजला आहे." "बरं," ते म्हणाले. त्यांना ते पटलेलं नाही हे मला फोनवरही कळलं.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो आणि चाकणच्या चौकात अडकलो. तिथं अडकणं नवीन नाही. पण आकाशी रंगाची बस कंटेनरच्या दोन रांगांच्या मधोमध पाऊण तास उभी राहिली, तर ती कुणाला दिसणार नाही? बाजारात कांदे घ्यायला आलेल्या येळवंड्यांना दिसली. त्यांनी हाक मारली नाही. ती कुठल्या रस्त्याला वळते तेवढं पाहून ठेवलं. हे मला नंतर कळलं.

संतोषची जागा पाहून आम्ही सगळे हरखलो. मोठा उंबर, त्याच्या सावलीत दगडी चूल, ओढ्याकडे उतरत जाणारं गवत. आणि गाड्यांसाठी मुद्दाम तयार केलेला सपाट, मुरूम टाकलेला, चुन्याने रेघा आखलेला चौक. "रोलर फिरवलाय साहेब, दोनदा," संतोष म्हणाला. कंपन्यांचे प्लॉट सपाट करतात तसंच अगदी. मी बस रेघेत लावली, तंबू उभे राहिले, पोरं ओढ्यात उतरली. माझी सासू बसच्या दारात मटार सोलत बसली. दुपारी आतल्या कपाटाचं दार आपोआप उघडायला लागलं. बंद केलं की परत उघडायचं. मी भोसरीच्या फॅब्रिकेटरला दोन शिव्या दिल्या आणि दाराला दोरी बांधली.

चारच्या सुमाराला येळवंडे आले. मोपेडवर पुढे कांद्याची पिशवी तशीच. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. संतोष चुलीपाशी पिठलं ढवळत होता, तो तसाच उभा राहिला. येळवंड्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. नेहमीप्रमाणे आधी एका ठिकाणी उभं राहून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. मग उंबराच्या बुंध्याला पाठ लावली आणि चालायला लागले. एकेक पाऊल सारखं टाकत, ओठ हलवत. मला वाटलं म्हातारा आता जागा मोजून पोराची अब्रू काढणार. ते चालत चालत थेट माझ्या बसपाशी आले आणि सासूच्या मटारच्या ताटापाशी थांबले.

"सतरा," ते म्हणाले.

त्यांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. पण आवाज अगदी साधा ठेवून सासूला म्हणाले, "आजी, च्या ठिवलाय तिकडं उंबराखाली. चला, हात धरतो." तिला त्यांनी हळूच उतरवून घेतलं. मग तंबूतल्या पोरांना, बायकांना, सगळ्यांनाच चहाच्या नावाने लांब नेलं. कुणाला काही कळलं नाही. परत येऊन त्यांनी मला धरून ठेवलं. "आत चढू नका. ट्रॅक्टर म्होरनं लावा, दोर लांब घ्या, आत कुनी बसायचं न्हाई." मी दाराबाहेरूनच हात लांबवून गिअर काढला आणि ब्रेक सोडला. संतोषने ट्रॅक्टर आणला आणि लांब दोर बांधला. बस ओढली गेली. मागचं चाक जिथं होतं तिथं वीतभर खड्डा पडला होता आणि त्याच्या कडेने मुरमाला गोल भेग गेली होती. येळवंड्यांनी पहार घेऊन तिथं टेकवली. जोर न लावताच ती निम्मी आत गेली.

"हीर कुठाय?" त्यांनी विचारलं. वर्षभरात मुलाशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य असावं.

संतोष म्हणाला, "बुजवली."

"माझ्या बानं खांदलेली हीर, उंबरापासनं सतरा पावलांवर. कशापायी बुजवली?"

"तुमच्यापायी," संतोष म्हणाला. त्याला रडू आवरत नव्हतं. "उघडी हीर दिसली की तुमी जागा नापास करता. लहानपनापासनं ऐकतोय. म्हणलं, येक दिस तुमी बघाय याल तवा नाव ठिवाय काय राह्यलं न्हाई पायजे. राडारोडा टाकला, मुरूम टाकला, रोलर फिरवला. मला वाटलं, बसलं."

पहार तशीच जमिनीत उभी होती आणि येळवंडे तिच्याकडे बघत होते. मला वाटलं आता हा माणूस फाडून बोलेल, आणि त्याने बोलावंच, असंही वाटलं. माझी सासू त्या विहिरीवर बसून मटार सोलत होती. रात्री आम्ही चौघं तिथं झोपणार होतो. पण त्याच वेळी मला माझी स्वतःचीही लाज वाटत होती, कारण खोटं बोलून सगळ्यांना तिथं आणणारा मीच होतो.

एव्हाना बस का हलवली ते बघायला बाकीचे जमले. खड्डा पाहिला, भेग पाहिली, आणि बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. एकाने तर संतोषची बाही धरून विचारलं, "इथं खाली काय आहे? खरं सांग." संतोष मान खाली घालून उभा होता. तो जे बोलणार होता त्यावर त्याचा कॅम्प तिथंच संपणार होता, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

"त्याला काय इचारता?" येळवंडे पुढे झाले. "हीर व्हती हितं. मीच बुजवली. आन् पोराला सांगायचं राह्यलं. त्यानं बिचाऱ्यानं सपाट बघून रेघा मारल्या. त्याचा काय दोष न्हाई."

मी चोवीस वर्षं त्यांना ओळखत होतो. त्यांनी वायसरच्या एका खोक्यावरही कधी खोटी सही केली नव्हती. कंपनीतले लोक त्यांच्या दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर हेच बोलत होते, की एवढा पारखी माणूस, पण स्वतःच्या रानात चुकला. मी तिथं गप्प बसलो. आता लिहितोय ते संतोषला विचारून. तोच म्हणाला, लिवा.

"बस वरच्या कातळावर लावा," येळवंडे सांगत होते. "तिथं आमचं खळं व्हतं. बैल फिरून फिरून गेलं, पर जागा हलली न्हाई. तंबू तिकडं घ्या. जागा चांगली हाय, पोरानं मन लावून केलीय. आजची रात ऱ्हावा."

पण माझ्या बायकोचा राग आता कुठं बाहेर पडत होता. आई तिची होती. "बबनराव," ती म्हणाली, "पाच वर्षं आम्हाला जागा नाकारत आलात. पाणी ओतलंत, सातबारा मागितलात, लोकांची तोंडं पाहिलीत. आणि स्वतःच्या जमिनीत विहीर बुजवून पोराला सांगत नाही तुम्ही? तुमच्यावर विश्वास कुणी ठेवायचा?"

"व्हय वहिनी," येळवंडे म्हणाले. "माझंच चुकलं."

संतोषने वर पाहिलं. "बाबा, पर मी..."

येळवंडे त्याच्याकडे वळलेही नाहीत. "पिठलं करपंल," ते म्हणाले, "बघ तिकडं."

संतोष चुलीकडे गेला. येळवंडे टोपी हातात धरून तिथंच उभे राहिले आणि माझ्या बायकोचं बोलणं शेवटपर्यंत ऐकत राहिले.